वैमानिक निवडीची पूर्वतयारी : औंढ्याच्या वर्गखोलीपासून

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे गाव प्राचीन शिवमंदिरासाठी सर्वदूर परिचित आहे. द्वादश ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून भाविक येथे येतात. नामदेव आणि विसोबा खेचर यांच्या भेटीची कथाही याच मंदिराशी जोडलेली आहे. अलीकडे या तालुक्याचे नाव आणखी एका कारणाने घेतले जाऊ लागले आहे. गुरुत्वीय लहरींचा वेध घेणाऱ्या ‘लायगो-इंडिया’ या वेधशाळेसाठी दुधाळा परिसराची निवड झाली असून, सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. साहजिकच येथील विद्यार्थी विज्ञानाकडे नव्या कुतूहलाने पाहू लागले, तर नवल नाही. याच विद्यार्थ्यांपैकी काहींच्या मनात वैमानिक होण्याची इच्छा असते. ही इच्छा पुरी होण्याच्या मार्गात बुद्धिमत्तेपेक्षा माहितीचा अभावच अधिक आड येतो. त्यातही कोणती गोष्ट आधी करावयाची आणि कोणती मागाहून, याची माहिती नसणे हे सर्वांत महागात पडते.

मराठवाड्याचा विमानाशी संबंध तसा नवा नाही. हा भाग हैदराबाद संस्थानात असताना निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीतून १९४५ साली ‘डेक्कन एअरवेज’ ही कंपनी स्थापन झाली. १९४७ साली व्यापारी वैमानिकाचा परवाना मिळविणाऱ्या प्रेम माथुर यांना इतर कंपन्यांनी नाकारल्यानंतर याच कंपनीने नोकरी दिली. पुढे नोव्हेंबर १९८५ मध्ये कलकत्ता ते सिल्चर असे इंडियन एअरलाइन्सचे फोकर विमान प्रथमच केवळ महिला वैमानिकांनी नेले, त्याचे नेतृत्व कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी केले होते. मुलींच्या पालकांशी बोलताना ही उदाहरणे शिक्षकांना उपयोगी पडावीत.

योजनेचे स्वरूप

विमान कंपन्यांच्या प्रशिक्षणार्थी वैमानिक योजनेत कंपनी प्रथम उमेदवाराची निवड करते, ठरलेल्या संस्थेत त्याला प्रशिक्षणासाठी पाठवते आणि ते यशस्वीरीत्या पूर्ण झाल्यास सहवैमानिक म्हणून घेण्याची तयारी दर्शविते. इंडिगोसारख्या कंपन्यांच्या अशा योजना आहेत. दुसरा मार्ग म्हणजे उत्तर प्रदेशातील फुरसतगंज येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी किंवा आपल्या राज्यातील गोंदियानजीक बिरसी, नागपूर, बारामती, धुळे येथील प्रशिक्षण संस्थांतून स्वतंत्रपणे परवाना मिळवून नंतर नोकरीसाठी अर्ज करणे. अमरावतीजवळील बेलोरा विमानतळावर वर्षाला १८० वैमानिक घडविण्याच्या क्षमतेची संस्था उभारण्याचे एअर इंडियाने २०२४ मध्ये जाहीर केले आहे. विदर्भ-मराठवाड्यातील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ही घोषणा महत्त्वाची आहे.

मार्ग कोणताही असला तरी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम सर्वांना सारखेच लागू असतात. शिकाऊ परवान्यासाठी वयाची १६ वर्षे, तर व्यापारी परवान्यासाठी १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. हवाई मार्गनिर्धारण, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि विमानाची तांत्रिक माहिती या विषयांच्या परीक्षांत किमान ७० टक्के गुण मिळवावे लागतात. रेडिओवरून संभाषण करण्याचा परवाना वेगळा असतो. त्याशिवाय एकूण २०० तासांचे उड्डाण आवश्यक असून त्यांपैकी १०० तास विमानाची सर्व जबाबदारी एकट्याने सांभाळून करावयाचे असतात. ३०० सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटरचा एक प्रवास वाटेत दोन विमानतळांवर उतरून पूर्ण करावा लागतो.

खर्चाची बाजू लपवून ठेवण्यात अर्थ नाही. फुरसतगंजच्या शासकीय अकादमीचे शुल्कच ४५ लाख रुपयांच्या घरात आहे. विमान कंपन्यांच्या योजनांत परदेशातील प्रशिक्षण आणि विशिष्ट विमानाचे शिक्षण धरून हा आकडा एक कोटीच्या आसपास किंवा त्याही पुढे जातो. निवड झाली म्हणजे कंपनी सर्व खर्च करते, असा गैरसमज खेड्यापाड्यांत आढळतो. बहुतेक योजनांत खर्च उमेदवाराचाच असतो.

आधी काय, मागाहून काय

जमीन गहाण टाकून किंवा कर्ज काढून प्रथम प्रवेश घ्यावयाचा आणि वैद्यकीय तपासणीचे मागाहून पाहावयाचे, हा क्रम पूर्णतः उलटा आहे. व्यापारी वैमानिकाला पहिल्या वर्गाचे वैद्यकीय प्रमाणपत्र असल्याशिवाय परवाना मिळत नाही. दृष्टी, रंगज्ञान, श्रवणशक्ती, हृदयाचा आलेख, रक्त, लघवी अशी ही सविस्तर तपासणी असते. चष्मा असणे हा काही अपात्रतेचा दोष नव्हे. चष्म्यासह दृष्टी ठरलेल्या मर्यादेत आली म्हणजे पुरे. रंगांधळेपणाची गोष्ट मात्र निराळी आहे. हा दोष जन्मजात असतो, त्यावर उपाय नाही आणि मुलींपेक्षा मुलांत त्याचे प्रमाण कितीतरी अधिक असते. ज्याला तो असतो त्याला बहुधा त्याची कल्पनाही नसते. झाडाचे पान हिरवे असते हे ऐकून ठाऊक असल्याने तो पानाला हिरवेच म्हणतो. धावपट्टीवरील दिवे आणि मनोऱ्यावरून दाखविले जाणारे तांबडे-हिरवे संकेत ओळखताना मात्र ही ऐकीव माहिती कामास येत नाही.

या दोषाची प्राथमिक चाचणी रंगीत ठिपक्यांच्या पाट्यांवरील अंक वाचण्याची असते. नेत्रतज्ज्ञाकडे ती काही मिनिटांत होते. शाळेतील आरोग्य तपासणीच्या वेळी नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांची ही चाचणी घेण्याची विनंती मुख्याध्यापकांनी वैद्यकीय पथकास केली, तर एखाद्या कुटुंबाचे लाखो रुपये आणि मुलाची तीन-चार वर्षे वाचू शकतात. अर्थात शाळेतील चाचणी म्हणजे अंतिम निर्णय नव्हे. महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून प्रथम दुसऱ्या वर्गाची आणि नंतर पहिल्या वर्गाची तपासणी रीतसर करून घ्यावी लागते. त्यास येणारा खर्च प्रशिक्षणाच्या खर्चापुढे नगण्य आहे. शुल्काचा पहिला हप्ता भरण्याच्या आत ही तपासणी उरकलेली असावी.

वैद्यकीय तपासणीच्याही आधी येतो तो अकरावीचा प्रवेश. आजवरच्या नियमांप्रमाणे बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन्ही विषय लागतात. प्रवेशासाठी साधारणतः ५० टक्क्यांच्या पुढेमागे गुणांची अट असते, काही कंपन्या इंग्रजीचे गुणही पाहतात. गणित अवघड म्हणून सोडून जीवशास्त्राकडे वळलेला विद्यार्थी पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून राहिलेला विषय देऊ शकतो, परंतु त्यात वेळ जातो. तेव्हा हा विषय दहावीचा निकाल लागताच पालकांसमोर ठेवला पाहिजे.

निवडीच्या चाचण्या

निवड बहुधा टप्प्याटप्प्याने होते. प्रथम गणित, भौतिकशास्त्र, इंग्रजी व तर्कशक्ती यांची परीक्षा, मग संगणकावरील कौशल्य चाचणी, त्यानंतर गटचर्चा आणि शेवटी मुलाखत. गणित आणि विज्ञान यांची पातळी बारावीपलीकडची नसते. अडचण येते ती वेगाची. कागद-पेन्सिलीवाचून, घड्याळ पुढे सरकत असताना उत्तर काढावयाचे असते.

याची तयारी औंढ्यातल्या कोणत्याही वर्गात बसून करता येईल. औंढ्यापासून नांदेड आग्नेयेस आहे, परभणी नैर्ऋत्येस, हिंगोली उत्तरेकडे किंचित पूर्वेस, छत्रपती संभाजीनगर पश्चिमेस. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने अंश मोजले, तर नांदेडची दिशा सुमारे १४५ अंश येते. परत येताना कोणती दिशा धरावी? १८० मिळवून ३२५. सरळ रेषेतील अंतर सुमारे ५० किलोमीटर धरावे. प्रशिक्षणाचे छोटे विमान ताशी १८५ किलोमीटर वेगाने गेले, तर सुमारे १६ मिनिटे लागतील. समोरून ताशी ३७ किलोमीटरचा वारा असेल, तर वेग १४८ वर येतो आणि वेळ २० मिनिटांवर जाते. विमान ताशी ३५ लिटर इंधन जाळत असेल, तर जाताना सुमारे १२ लिटर लागेल. आता विद्यार्थ्यांना विचारावे, की परतताना तोच वारा पाठीमागून मिळाला, तर जाताना वाया गेलेला वेळ भरून निघेल काय? बहुतेक मुले ‘होय’ म्हणतील. हिशेब केला, तर परतीला साडेतेरा मिनिटे लागतात. दोन्ही मिळून जवळजवळ ३४ मिनिटे झाली, वारा नसता तर साडेबत्तीसच्या आत काम झाले असते. वारा भरपाई करीत नाही, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान अधिक काळ राहते. असे एक उदाहरण तोंडी सोडविणे हे पाठ केलेल्या दहा सूत्रांहून मोलाचे आहे. गणिताच्या शिक्षकांना रोज दहा मिनिटे यासाठी काढणे अशक्य नाही.

संगणकावरील चाचणीत दांड्याच्या साहाय्याने पडद्यावरील खूण मध्यभागी राखावयाची, त्याच वेळी कानांवर पडणारे आकडे लक्षात ठेवावयाचे आणि मध्येच एखादी बेरीज सोडवावयाची, असे प्रकार असतात. एका कामात गुंतून दुसरे विसरणारा उमेदवार मागे पडतो. शहरातील मुलांना अशा खेळांची सवय असते. ग्रामीण विद्यार्थ्याने असा दांडा प्रथमच परीक्षेत हाताळला, तर त्याचा अर्धा वेळ बिचकण्यातच जातो. शाळेच्या संगणक कक्षात थोडा सराव मिळाला, तरी हे बिचकणे पुष्कळ कमी होईल. सरावाने एका मर्यादेपर्यंतच सुधारणा होते हेही खरे. त्यासाठी महागड्या शिकवण्या लावण्याचे कारण दिसत नाही. भारतीय हवाई दलाच्या वैमानिक योग्यता चाचणीत तर उमेदवाराला आयुष्यात एकदाच संधी मिळते. हवाई दलाकडे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद) येथे राज्य शासनाने १९७७ साली सुरू केलेली सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. तेथे दहावीनंतर निवडलेल्या मुलांकडून राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेची तयारी करून घेतली जाते. या मार्गात प्रशिक्षणाचा भार कुटुंबावर पडत नाही, ही गोष्ट हुशार पण गरीब विद्यार्थ्याच्या पालकांना आवर्जून सांगितली पाहिजे.

इंग्रजीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण आपल्या भागातील मुले येथेच धीर सोडतात. वैमानिकाचे इंग्रजी म्हणजे सफाईदार उच्चारांचे प्रदर्शन नव्हे. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफ येथील धावपट्टीवर दोन प्रचंड विमाने एकमेकांवर आदळून ५८३ लोक मृत्युमुखी पडले. मनोरा आणि वैमानिक यांच्यातील संदिग्ध बोलणे हे त्याचे एक प्रमुख कारण ठरले. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरी येथे दोन विमानांची आकाशात टक्कर होऊन ३४९ जण दगावले, त्यातही नेमून दिलेल्या उंचीविषयीची सूचना नीट न पाळली जाण्याचा आणि भाषेच्या अडचणीचा भाग होता. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने इंग्रजीच्या सहा पातळ्या ठरविल्या असून किमान चौथी पातळी आवश्यक केली, ती याच अनुभवातून. सूचना ऐकणे, ती जशीच्या तशी परत म्हणून दाखविणे आणि न समजल्यास न लाजता पुन्हा विचारणे एवढे ज्याला जमते, त्याचे उच्चार मराठी वळणाचे असले तरी बिघडत नाही. वर्गात एकाने इंग्रजीतून आकडे व दिशा सांगाव्यात आणि दुसऱ्याने त्या परत म्हणाव्यात, हा साधा सराव येथे उपयोगी पडतो.

मुलाखतीत ‘वैमानिक का व्हावयाचे आहे?’ हा प्रश्न ठरलेला. लहानपणी आकाशात विमान पाहिले, हे उत्तर परीक्षकांनी शेकडो वेळा ऐकलेले असते. कामाच्या वेळा, रात्रपाळी, दर ठरावीक मुदतीने होणारी वैद्यकीय तपासणी आणि आयुष्यभर चालणाऱ्या परीक्षा यांची ज्याला जाणीव आहे, तो उमेदवार त्यांना अधिक भावतो.

पैसा आणि कागदपत्रे

२०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदविली. यावरून वैमानिकांची गरज वाढणार, हे उघड आहे. तथापि हा व्यवसाय चढउतारांचा आहे. किंगफिशरची उड्डाणे २०१२ मध्ये, जेट एअरवेजची १७ एप्रिल २०१९ रोजी आणि गो फर्स्टची मे २०२३ मध्ये थांबली. त्या त्या वेळी अनुभवी वैमानिकही नोकरीच्या शोधात बाहेर पडले आणि नवशिक्यांना वर्षानुवर्षे थांबावे लागले. कंपनीचे निवडपत्र सशर्त असते. त्यातील अटी, शुल्क परताव्याचे नियम आणि नोकरी न मिळाल्यास कर्जाची जबाबदारी कोणावर राहील, हे सही करण्यापूर्वी जाणकाराकडून समजावून घ्यावे.

अनुसूचित जाती व जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या पहिल्या गटात व्यापारी वैमानिक परवान्याच्या अभ्यासक्रमाचा समावेश आहे. नागपूरच्या महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्थेने, म्हणजे ‘महाज्योती’ने, इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गातील उमेदवारांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबच्या साहाय्याने वैमानिक प्रशिक्षणाची योजना राबविली आहे. अशा योजनांच्या जाहिराती अल्प मुदतीच्या असतात. ग्रामपंचायतीच्या फलकावर त्या वेळीच लागल्या, तरच गावापर्यंत पोहोचतात.

ऐनवेळी घोटाळा होतो तो कागदपत्रांत. महासंचालनालयाच्या परीक्षेसाठी लागणारा संगणक क्रमांक मिळण्यापूर्वी दहावी-बारावीच्या गुणपत्रकांची मंडळाकडून पडताळणी व्हावी लागते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव, गुणपत्रकावर दुसरे, आधारपत्र आणि पारपत्रावर तिसरेच स्पेलिंग, अशी स्थिती आपल्याकडे सर्रास आढळते. वडिलांच्या नावापुढे कोठे ‘राव’ लागलेले असते, कोठे नसते. दहावीच्या परीक्षेचे आवेदनपत्र भरतानाच वर्गशिक्षकाने ही नावे एकसारखी करून घ्यावीत. उत्पन्नाचा, जातीचा व अधिवासाचा दाखला आणि लागू असल्यास नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र यांसाठी तहसील कार्यालयाकडे बारावीचे वर्ष सुरू होतानाच अर्ज करावा. निकालानंतरच्या गर्दीत अर्ज केल्यास शिष्यवृत्तीची मुदत टळून जाते.