कोचीला अर्धा दिवस देऊ नका

केरळची सहल आखणाऱ्या मराठी माणसाला हल्ली मी पहिलं हेच विचारतो, कोचीत कोणत्या वारी येताय? लोकांना प्रश्न विचित्र वाटतो. पण डच पॅलेस शुक्रवारी बंद असतो आणि ज्यू टाउनमधलं सिनेगॉग शुक्रवार-शनिवारी बघायला मिळेल या भरवशावर राहू नये. म्हणजे मट्टांचेरीतल्या ज्या दोन वास्तूंसाठी माणूस इतक्या लांब येतो, त्या दोन्ही शुक्रवारी हातच्या जातात. हे इथल्या प्रत्येक टॅक्सीवाल्याला पाठ आहे. सहल विकणाऱ्या एजंटालाही माहीत असतं. तरी तो तुमच्या कागदावर शुक्रवार लिहितो. का लिहितो, ते आमच्या दाजींच्या सहलीत मला डोळ्यांनी दिसलं.

गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी वडील खानापूर तालुक्यातून इकडे आले. माझं शिक्षण, लग्न, दुकान सगळं याच शहरात झालं. त्यामुळे गावाकडचं कोणीही केरळला निघालं की फोन मला येतो, आणि मी आनंदाने वेळ काढतो. दाजींनी पॅकेज घेतलं होतं : मुन्नार, थेक्कडी, आलप्पीची हाउसबोट आणि शेवटच्या दिवशी ‘कोची हाफ डे’, संध्याकाळी विमान. कागद पाहताक्षणी मी त्यांना कळवलं, "दाजी, शेवटचा दिवस शुक्रवार येतोय. कोची आधी घ्या, मुन्नारला मागनं जा. एजंटाला एक फोन करायचाय फक्त." उत्तर आलं, "आरं, त्यांचा रोजचा धंदा हाय. त्यांना कळत नसंल का?"

त्या शुक्रवारी मी दुकान बंद ठेवून फोर्ट कोचीला जाऊन थांबलो. गाडी आली तीच उशिरा. आलप्पीहून निघाल्यावर वाटेत एका आयुर्वेदिक तेलाच्या दुकानात थांबली होती म्हणे. चीनवला, म्हणजे मासेमारीची चिनी जाळी बघायला किनाऱ्यावर गेलो. ही प्रचंड जाळी सागवान आणि बांबूच्या सांगाड्यावर असतात, मागे दोरांना दगड टांगलेले असतात आणि चार-सहा जण मिळून ती पाण्यात सोडतात आणि उचलतात. तिथल्या एकाने पोरांना हाताला धरून फळीवर नेलं, दोर ओढायला दिला, फोटो काढले आणि मग पैसे मागितले. दाजींनी ते दिले आणि राग काढला माझ्यावर. सेंट फ्रान्सिस चर्च जवळच आहे. वास्को द गामा १५२४ साली कोचीत वारला, त्याला तिथेच पुरलं होतं. अस्थी पुढे पोर्तुगालला नेल्या, पण थडग्याची जागा अजून दाखवतात. ते बघायला ड्रायव्हरने गाडीतून उतरूच दिलं नाही. "नो टाइम, सर."

मट्टांचेरीला पोचलो तर पॅलेसला कुलूप. सिनेगॉगच्या गल्लीत गेलो, तिथेही तेच. ड्रायव्हरला याचं जराही आश्चर्य वाटलं नाही. तो हसत म्हणाला, "सर, टेन मिनिट्स, गुड स्पायसेस, ओन्ली लुकिंग." आणि गाडी थेट एका मोठ्या वातानुकूलित दुकानासमोर लावली.

मंडळी आत वेलची हुंगत होती. मी दारापाशी उभा होतो. एक पोरगा वही घेऊन बाहेर आला, गाडीचा नंबर लिहिला, किती माणसं ते लिहिलं आणि ड्रायव्हरच्या हातात कमिशनची एक शिक्का मारलेली चिठ्ठी ठेवली. ड्रायव्हरने ती खिशातल्या पाकिटात सारली, त्या पाकिटात तसल्या चिठ्ठ्यांची गड्डी होती. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शुक्रवार या माणसाच्या तोट्याचा दिवस नाहीच, कमाईचा आहे. राजवाडा उघडा असता तर मंडळी तासभर तिथे रमली असती. सगळं बंद, म्हणून उरतात फक्त दुकानं. पॅकेज इतकं स्वस्त कसं पडतं याचंही उत्तर त्या पाकिटात होतं. एजंटाला गाडीभाड्यात जे सुटत नाही, ते दुकानातून वसूल होतं.

मी आत जाऊन दाजींना बाजूला घेतलं आणि हळू आवाजात, मराठीत सगळं सांगितलं. त्यांनी सगळ्यांदेखत मोठ्याने विचारलं, "का? तुझ्या ओळखीच्या दुकानात न्यायचं हुतं का? तुझं कमिशन बुडालं व्हय?"

ताई खाली बघत राहिली. मी एक शब्द बोललो नाही. त्यांनी तिथे केशर घेतलं. केशर काश्मीरचं, ते केरळात कशाला घ्यायचं, हे सांगायची माझी इच्छाच उरली नव्हती. नंतर आणखी एक दुकान झालं, मग विमानतळ. गावी गेल्यावर एका लग्नात त्यांनी चारचौघांत सांगितलं की कोचीत बघण्यासारखं काही नाही आणि मी त्यांना धड फिरवलंही नाही. हे मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं.

कोचीत बघण्यासारखं काही नाही! डच पॅलेस मुळात पोर्तुगिजांनी बांधून इथल्या राजाला दिला, आणि १६६३ मध्ये कोची घेतल्यावर डचांनी तो दुरुस्त केला म्हणून नाव डचांचं पडलं. बाहेरून साधीसुधी वास्तू आहे. आत राजाच्या शयनगृहात भिंतभर रामायण रंगवलेलं आहे, दशरथाच्या यज्ञापासून राम अयोध्येला परत येईपर्यंत. गेरूचे लाल-पिवळे रंग, मोठाले डोळे, एका चित्रात दुसरं चित्र अडकलेलं. ते उभ्या उभ्या उरकता येत नाही. सिनेगॉग १५६८ सालचं, जमिनीवर हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या. त्यावरून अनवाणी चालायचं असतं.

आणि आपल्या लोकांना तर मी मुद्दाम चेरळाईला नेतो. गोव्यात पोर्तुगिजांचा जाच सुरू झाल्यावर जे कोकणी लोक दक्षिणेला उतरले, त्यांचं तिरुमल देवस्वम हे देऊळ तिथे आहे. डच गव्हर्नर व्हान रीडने इथल्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ करवला. तो १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला. त्याला मदत करणाऱ्यांत इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते. त्यांचं निवेदन पहिल्या खंडात नागरी अक्षरांत छापलेलं आहे. सतराव्या शतकात युरोपात छापलेल्या पुस्तकात आपली लिपी! हे कुठल्याही पॅकेजच्या कागदावर मिळणार नाही.

तेव्हा येणार असाल तर एवढं करा. कोचीला दोन रात्री द्या, रविवार ते गुरुवारच्या दरम्यान. कोची सहलीच्या सुरुवातीला ठेवा, कारण शेवटच्या दिवशी डोक्यात विमानतळ असतो, आणि तो नेदुम्बासेरीला, फोर्ट कोचीपासून चाळीसेक किलोमीटरवर. शहरातली वाहतूक बघता दीड-दोन तास हाताशी हवेत. रेल्वेने आलात तर एर्नाकुलम जंक्शनला इथले लोक ‘साउथ’ म्हणतात आणि टाउनला ‘नॉर्थ’, रिक्षावाल्याला तसंच सांगा.

फोर्ट कोचीला गाडीने जाऊ नका, पाण्यातून जा. हायकोर्टाजवळच्या धक्क्यावरून वॉटर मेट्रो मिळते, एर्नाकुलमच्या जेट्टीवरून सरकारी बोट त्याहून स्वस्त पडते. वाटेत बोलगट्टी, वल्लारपाडमच्या क्रेन आणि बंदराचा गाळ उपसून उभं केलेलं विलिंग्डन बेट दिसतं. बेट, बंदर आणि जुनं गाव एकमेकांना कसं धरून आहेत, ते बोटीतूनच कळतं.

फोर्ट कोचीहून मट्टांचेरीला चालत जा. कल्वत्ती रोडने निघून बाजार रोड धरला की डाव्या हाताला पाण्याकडे पाठ केलेली जुनी गोदामं लागतात. सुंठ, मिरी, तांदूळ यांचा वास रस्त्यावर येतो, हमालांच्या हातगाड्या अंगावर येतात. सकाळी लवकर जा, दहानंतर ऊन सोसवत नाही. पाणी जवळ ठेवा. लहान मुलं किंवा गुडघेदुखी असेल तर रिक्षा घ्या, पण ‘शंभर रुपयांत सगळं दाखवतो’ म्हणणाऱ्याची नको.

समुद्रात उतरू नका. फोर्ट कोचीचा किनारा म्हणजे बंदराचं तोंड आहे, ओढ जबरदस्त असते. पावसाळ्यात तर जलपर्णीचे ढीग येऊन पडतात. ३१ डिसेंबरला पापांजी नावाचा म्हाताऱ्याचा पुतळा जाळतात, ते बघायला अलोट गर्दी लोटते. पोरंबाळं घेऊन त्या रात्री तिथे जाऊ नये. बऱ्याच देवळांत पुरुषांना सदरा काढावा लागतो आणि काही ठिकाणी मुंडू, म्हणजे इथलं लुंगीसारखं धोतर, नेसावं लागतं. कथकली बघायची तर खेळाच्या तासभर आधी जा, रंगभूषा प्रेक्षकांसमोर करतात, आणि मला तर तीच जास्त आवडते. जाड लाल भात नको असेल तर आधी सांगा. मागाहून ‘यांना जेवण करता येत नाही’ असं गावभर करू नका.

मसाला घ्याच, इथून न घेता जाणं बरोबर नाही. पण स्वतःच्या पायाने बाजार रोडच्या साध्या दुकानात जाऊन घ्या. वेलची फार गर्द हिरवी दिसली तर ओल्या रुमालाने चोळून बघा, रंग लागला तर ठेवून द्या. दोन-तीन ठिकाणी भाव विचारा. आणि गाडी ठरवतानाच एजंटाकडून लिहून घ्या की आम्ही सांगितल्याशिवाय ड्रायव्हर एकाही दुकानावर थांबणार नाही. त्याने गाडीचं भाडं वाढवून मागितलं तर ते द्या. तो आकडा तरी तुमच्यासमोर असेल.