बाळंतपणाला सोबत जाण्याआधी

डूला म्हणजे बाळंतपणात बाईला सोबत आणि धीर देणारी. तिच्या प्रशिक्षणातला वर्गातला भाग तसा सोपा असतो. श्वास कसा घ्यायला लावायचा, कळ आली की कमरेवर दाब कुठे द्यायचा, कूस कधी बदलायची, हे आम्ही एकमेकींवर करून बघायचो. प्रमाणपत्रासाठी मात्र काही बाळंतपणांना प्रत्यक्ष हजर राहावं लागतं, आणि ती मिळवायची कशी हे कुणी शिकवत नाही. पुण्यात मी या टप्प्यातून गेले. आता तिथून जाणाऱ्या मैत्रिणींसाठी हे लिहिते आहे.

माझ्याकडे आलेली एक पहिलटकरीण बाळंतपणासाठी माहेरी आली होती. शेवटच्या महिन्यांत आमच्या बऱ्याच भेटी झाल्या. तिच्या डॉक्टरांनी तपासणीच्या वेळी “या की, हरकत नाही” असं तोंडी सांगितलं होतं. कळा सुरू झाल्या रात्री. तेव्हा डॉक्टर गावाला गेलेले, ड्यूटीवर दुसरेच होते आणि लेबर रूमच्या सिस्टरांपर्यंत माझ्याबद्दल काहीच पोचलेलं नव्हतं. “एकच नातेवाईक आत येईल,” त्या म्हणाल्या. आई आत गेली. लेकीच्या कळा बघवेनात म्हणून ती डोळे पुसत सारखी बाहेर येत होती, आणि तेवढा वेळ मुलगी आत एकटी. तिच्या काकू मला म्हणाल्या, “मावसबहीण आहे म्हणून सांग ना!” मी नकार दिला. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली, पण रात्रभर सोबतीचं जे वचन मी तिला दिलं होतं ते पाळता आलं नाही. याचं दुःख मला आजही आहे.

म्हणून पहिली गोष्ट परवानगीची. ती रात्रपाळीपर्यंत पोचलेली असली पाहिजे. सातव्या-आठव्या महिन्यातच डॉक्टरांकडून दोन ओळी लिहून घ्या आणि तो कागद बाईच्या फाइलमध्ये लावा. लेबर रूमच्या इन्चार्ज सिस्टरांना दिवसा जाऊन भेटा. आत किती जणींना सोडतात, कपडे-चपला बदलाव्या लागतात का, सिझेरियनची वेळ आली तर कुठे थांबायचं, हे विचारून घ्या.

सरकारी रुग्णालयाचे नियम वेगळे असतात. केंद्र सरकारने 2016 मध्ये बाळंतपणात सोबतीण ठेवायला मान्यता दिली, पण ती स्त्री नातेवाईक असावी, शक्यतो स्वतः बाळंत झालेली असावी, तिने उपचारांत ढवळाढवळ करू नये आणि इतर बायकांकडे जाऊ नये, असं त्यात म्हटलं आहे. तिथे शिकाऊ डूलाला जागा मिळेलच असं नाही. खोटं नातं सांगून आत शिरू नका. कळांत असलेल्या बाईच्या डोक्यावर एका खोट्याचं ओझं येतं, आणि ते उघडं पडलं तर तुमच्यामागून येणाऱ्या प्रत्येकीसाठी ते दार बंद होतं.

दुसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आत जाणाऱ्या नातेवाईक बाईला आधी तयार करा. त्या रात्रीनंतर मी आई, सासू, जाऊ, जी कुणी सोबत असणार असेल तिला भेटींमध्ये बसवू लागले. कळ आली की हात कसा धरायचा, दोन कळांमध्ये पाण्याचा घोट द्यायचा, “सोस गं” म्हणण्याऐवजी “ही गेली बघ” म्हणायचं, आणि रडू आलं तरी तिथून हलायचं नाही. 1980 साली प्रसिद्ध झालेल्या ग्वाटेमालातल्या अभ्यासात सोबतीण आधी ओळखीचीही नव्हती, तरी तिच्या सततच्या असण्याने कळांचा काळ कमी झाला. पुढे 2017 च्या कॉक्रेन आढाव्यात 17 देशांतल्या 15,000 हून अधिक बायकांवरचे अभ्यास तपासले गेले. अखंड सोबत मिळालेल्यांची नैसर्गिक प्रसूती होण्याची शक्यता जास्त दिसली. यात मोल आहे ते न सुटणाऱ्या सोबतीचं, आणि ती जाऊबाईही देऊ शकते.

होकार बाईचाच हवा. सासूबाईंनी किंवा नवऱ्याने “या” म्हटलं तरी तिला एकटीला विचारा. तुम्ही शिकाऊ आहात, पुढे अनुभव लिहून द्यायचा आहे, हे तिला स्पष्ट सांगा. ती ऐनवेळी “नको” म्हणाली तर निमूट बाहेर या.

वेळेचा अंदाज धरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशींनुसार गर्भाशयाचं तोंड 5 सेंटिमीटर उघडल्यावर कळांचा सक्रिय टप्पा सुरू होतो. पहिलटकरणीत तो सहसा 12 तासांपलीकडे जात नाही. त्याआधीच्या कळांना मात्र ठरलेली मुदत नसते. तुम्ही थकलात तर जागा घेणारी दुसरी डूला आधीच ठरवा आणि तिची बाईशी ओळख करून द्या.

मर्यादा सोडू नका. आतली तपासणी, मॉनिटरचा अर्थ लावणं, औषध घ्यावं की नाही हे सांगणं आपलं काम नाही. बाईच्या मनात शंका असेल तर ती डॉक्टरांना विचारायला तिला धीर द्या. फोटो काढू नका, नावं कुठे बोलू नका.

काम मिळवायचं तर अनुभवी डूलाबरोबर जा, गर्भसंस्काराच्या नाहीतर प्रसूतिपूर्व वर्गांत मदत करा, घरी आलेल्या बाळंतिणीला दूध पाजताना हाताशी राहा. ठरवून केलेल्या सिझेरियनलाही सोबत लागते. तेही तुमचं शिक्षणच आहे. ज्यांना पुढे वर्ग घ्यायचे आहेत त्यांनी तर बाळंतिणीचं बोलणं बाळंतपणानंतर आठवड्याभरात जाऊन ऐकावं. तिला काय आठवतं, कोणाच्या शब्दाने धीर आला, कोणता शब्द लागला, हे ती सांगते. पुढच्या वर्गात काय शिकवायचं ते त्यावरून ठरवा.