शेततळ्यातील मरळ आणि खोटा बेडूक
कृत्रिम आमिषाची निवड व बांधणी

नाशिक जिल्ह्यात, विशेषतः निफाड, दिंडोरी, सिन्नर व चांदवड या भागांत, शेततळ्यांचा प्रसार पुष्कळ झाला आहे. बागेसाठी साठविलेल्या या पाण्यात कटला, रोहू व मृगळ यांची बोटुकली सोडून जोडउत्पन्न घेण्याकडेही शेतकऱ्यांचा कल वाढत आहे. परंतु पावसाळ्यात मोजून सोडलेली बोटुकली उन्हाळ्याच्या तोंडी जाळे ओढताना निम्मीही भरत नाहीत, अशी तक्रार गावोगावी ऐकू येते. बीज वाईट होते, पाणी बिघडले, बगळ्यांनी खाल्ले, अशी कारणे सांगितली जातात आणि ती कधी कधी खरीही असतात. तथापि तळ्यात एखादी मरळ शिरलेली आहे की काय, हे आधी पाहावयास हवे.

मरळ ही मांसाहारी आहे. तोंड मोठे, अंग गोल व लांबट, डोके सापासारखे. ती पाण्यातील प्राणवायूवर अवलंबून राहत नाही. वर येऊन हवा घेते. त्यामुळे पावसात ओल्या जमिनीवरून थोडे अंतर सरपटत जाऊन दुसऱ्या पाण्यात शिरणे तिला जमते. ओढ्याचे किंवा कालव्याचे पाणी जाळी न लावता तळ्यात घेतले, तर तिची पिलेही त्याबरोबर येतात. एकदा आत आली की तिला बाहेर काढणे अवघड. जाळे जवळ येताच ती त्यावरून उडी मारते, आणि मातीचे तळे असल्यास चिखलात दडून बसते. बोटुकली सोडण्यापूर्वी मोहाची पेंड घालून तळे साफ करता येते; पण बोटुकली सोडल्यानंतर हा उपाय चालत नाही, कारण पेंडीच्या विषाने मरळीबरोबर तीही मरतात. 2002 साली अमेरिकेतील मेरिलँड राज्यात क्रॉफ्टन गावच्या एका तळ्यात मरळीच्या कुळातील चिनी जात आढळली, तेव्हा तेथील शासनाने ते संपूर्ण तळे औषध घालून निर्जीव केले. ज्याचे पैसे त्याच पाण्यात पोहत आहेत, त्या शेतकऱ्याला असा मार्ग परवडणारा नाही. त्याने एकेक मरळ गळानेच काढली पाहिजे.

गळाला जिवंत बेडूक लावण्याची पद्धत जुनी आहे आणि तिने मरळ मिळते, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र बेडूक हा शेतातील कीटक खाणारा प्राणी आहे. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारत सरकारने 1987 मध्ये बंद केली, त्यामागे शेतीचे हे नुकसानही विचारात घेतले गेले होते. बांधावरील बेडूक मारून तळ्यातील बोटुकली वाचविणे म्हणजे एका खिशातील पैसे दुसऱ्या खिशात घालताना वाटेत काही सांडून टाकणे होय. शिवाय जिवंत बेडूक एकदा फाटला की निरुपयोगी होतो. रबराचा बेडूक जपून वापरल्यास पुष्कळ दिवस टिकतो.

कृत्रिम आमिषाची ही विद्या मुख्यतः पाश्चात्य देशांत वाढली. तेथील गोड्या पाण्यात बास व पाईक हे शिकारी मासे आहेत आणि त्यांच्यासाठी आमिषांचे असंख्य प्रकार निघाले. नाशिकच्या पाण्यात हे दोन्ही मासे नाहीत. परंतु पाणवनस्पतींच्या आड दबा धरून बसणे व समोरून जाणाऱ्या भक्ष्यावर एकदम झडप घालणे, ही त्यांची रीत मरळीचीही आहे. म्हणून बाससाठी निघालेला पोकळ बेडूक मरळीलाही तितकाच लागू पडतो.

कोणते आमिष केव्हा

दुकानात गेलेल्या नवशिक्याला रंगीबेरंगी आमिषांनी भरलेली पेटी दाखविली जाते. असली पेटी माशापेक्षा माणसालाच लवकर गळाला लावते. शेततळ्यासाठी दोनच प्रकार पुरेत : पृष्ठभागावर तरंगणारा बेडूक आणि पाण्यात चमकत जाणारा धातूचा चमचा.

पाणवनस्पती, काठावरचे गवत किंवा शेवाळ असेल तेथे बेडूकच वापरावा. त्याचे गळ पाठीकडे वळलेले असतात, त्यामुळे ते गवतात अडकत नाहीत. मोकळ्या व थोड्या खोल पाण्यात, विशेषतः हिवाळ्यात मरळ पृष्ठभागाकडे कमी येते तेव्हा, चमचा बरा. गढूळ पाण्यात मोठे, गडद रंगाचे व पाणी हलविणारे आमिष घ्यावे. कारण तेथे मरळ डोळ्यांपेक्षा पाण्याच्या हालचालीवरून भक्ष्य ओळखते. पाणी निवळल्यावर आमिष लहान व फिके असावे. रंगाविषयी याहून अधिक खल करण्याची गरज नाही.

प्लॅस्टिक कागद अंथरलेल्या तळ्यासाठी मात्र एक सूचना कटाक्षाने पाळावी. चमचा व तिहेरी गळ अशा तळ्यात मुळीच टाकू नयेत. चमचा बुडतो, गळाचे टोक कागदात रुतते, आणि झटका देताच कागद फाटतो. एका मरळीपायी साठविलेले पाणी गमावल्याची हळहळ बागेला पाणी देण्याच्या वेळी होते. अशा तळ्यात वर तरंगणारा व पाठीकडे गळ असलेला बेडूकच वापरावा.

बेडकाची बांधणी

विकतचा पोकळ बेडूक घेतल्यास त्याचे अंग बोटांनी दाबून पाहावे. दाबताच दोन्ही गळांची टोके पाठीवरून स्पष्ट वर यावीत आणि सोडताच अंग फुगून ती पुन्हा झाकली जावीत. टोके वर येत नसतील तर गळ पकडीने किंचित बाहेर वळवावेत. रबर कडक असेल तर तो बेडूक घेऊ नये. मरळीने चावा घेतला तरी गळ लागणार नाही. पाय फार लांब असल्यास कात्रीने थोडे कापावेत. मरळ पुष्कळदा पायच धरते व सोडून देते.

घरी करावयाचा असल्यास जुन्या रबरी चपलेचा तळ उपयोगी पडतो. त्यातून सुमारे 6 सेंटीमीटर लांब व 3 सेंटीमीटर रुंद तुकडा कापून पुढची बाजू निमुळती करावी. सायकलच्या चाकाची बारीक तार लांबीच्या दिशेने आरपार घालून पुढे व मागे एकेक लहान कडी वळवावी. पुढच्या कडीला दोरा व मागच्या कडीला लांब दांड्याचा एकेरी गळ जोडावा. गळाचे टोक वर व पुढच्या बाजूस असावे आणि ते पाठीपासून अर्ध्या सेंटीमीटरहून अधिक उंच राहू नये. दांडा बारीक तारेने अंगाशी बांधून टाकावा. चपलेचे रबर पोकळ बेडकाप्रमाणे दबत नाही. म्हणून गळ झाकण्यासाठी जाड तंगुसाचे दोन ताठ तुकडे पाठीत रोवून टोकाच्या पुढे कमानीसारखे ठेवावेत. गवत त्यांवरून घसरते, पण माशाच्या जबड्याने ते वाकतात. पोटाला, शेपटीच्या बाजूस, शिशाचा लहान तुकडा बसवावा, म्हणजे बेडूक कसाही फेकला तरी पोटावरच पडतो. शिसे जास्त झाल्यास तो बुडतो. बादलीत टाकून पाहावे. पायांऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्या चालतात.

तयार झालेला बेडूक तळ्यावर नेण्यापूर्वी ओल्या गोणपाटावरून ओढून पाहावा. तेथे अडकला तर गवतातही अडकेल. गळाचे टोक अंगठ्याच्या नखावर हळूच टेकवावे; घसरल्यास बोथट आहे असे समजून कानशीने धार लावावी. मरळीचा जबडा हाडाचा व कठीण असतो आणि बोथट गळाने मासे सुटतात.

चमचा करण्यासाठी नाशिककरांना दूर जाण्याचे कारण नाही. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी हे शहर प्रसिद्धच आहे. कारागिराकडून सुमारे 1 मिलिमीटर जाडीच्या पितळी पत्र्याचा 6 सेंटीमीटर लांबीचा लंबगोल तुकडा घ्यावा आणि लाकडातील खळग्यावर ठोकून त्यास थोडा बाक द्यावा. दोन्ही टोकांस भोक पाडून कड्या घालाव्यात, मागच्या कडीत एकच गळ अडकवावा. बाक कमी असला तर चमचा सरळ येतो, फार असला तर गरगर फिरतो. डोलत यावयास हवा. चमचा फिरला की दोऱ्याला पीळ बसतो, म्हणून त्याच्यापुढे दोन वीत अंतरावर फिरती कडी घालावी. बेडकाला मात्र अशी कडी लावू नये. तिच्या वजनाने त्याचे तोंड पाण्यात बुडते. खऱ्या चमच्यावरूनच हे आमिष सुचले असे सांगतात : अमेरिकेतील ज्यूलिओ ब्यूएल याच्या हातून जेवणाचा चमचा तळ्यात पडला आणि तो बुडता बुडता एका माशाने गिळला. गोष्ट खरी असो वा नसो, ब्यूएलने 1852 मध्ये अशा आमिषाचे पेटंट घेतले ही मात्र नोंदलेली गोष्ट आहे.

दोरा व गाठ

झाडोऱ्यातून मरळ ओढून काढावयाची असल्याने दोरा बळकट हवा. विणलेला दोरा 15 ते 20 किलोग्रॅम भार सोसणारा घ्यावा. साधा तंगूस वापरल्यास तो त्याच शक्तीचा असावा. तो ताणतो, म्हणून झटका थोडा जोराचा द्यावा लागतो. पाईकच्या तीक्ष्ण दातांसाठी परदेशात पुढे तारेचा तुकडा जोडतात. मरळीला त्याची आवश्यकता नाही. परंतु प्रत्येक माशानंतर शेवटचा हातभर दोरा बोटांनी चाचपावा आणि खरखरीत लागल्यास तेवढा कापून टाकावा.

गाठ अशी मारावी : दोरा दुहेरी करून त्याचा फास आमिषाच्या कडीतून ओवावा. या दुहेरी दोऱ्याची साधी सैल गाठ घालावी. मग फासातून सबंध आमिष पार करावे आणि गाठ थुंकीने ओली करून सावकाश आवळावी. कोरडी आवळल्यास घर्षणाने दोरा कमजोर होतो. लहान तळ्यासाठी रिळाची गरज नाही. तीन-चार मीटरचा बळकट वेळू व काठीइतकाच लांब दोरा पुरतो.

वापरण्याची रीत

सकाळी ऊन चढण्यापूर्वी किंवा सायंकाळी, वारा पडलेला असताना जावे. काठावर पाय आपटू नयेत. मरळ हवा घेण्यास वर येते तेव्हा पाणी किंचित उसळते व ‘चुबुक्’ असा आवाज होतो. ती जागा हेरून बेडूक तिच्या पलीकडे फेकावा. पाण्यावरील तरंग विरेपर्यंत तो हलवू नये. मग काठीच्या टोकाने लहान लहान हिसके देत, मध्ये थांबत थांबत आणावा.

झडप पडताच काठी उचलणे ही नवशिक्याची नेहमीची चूक. पाणी फुटल्याच्या आवाजाने हात आपोआप वर जातो आणि बेडूक माशाच्या तोंडातून निसटतो. मनात ‘एक, दोन’ म्हणावे, दोऱ्याला ओढ लागली की नाही हे पाहावे, आणि मगच जोराने वर झटका द्यावा. त्यानंतर दोरा सैल सोडू नये.

गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा, अशी शिफारस आहे. मासा सुटण्याचा धोका थोडा वाढतो हे खरे. पण गळ सहज निघाल्याने मरळीच्या तोंडाला मोठी इजा होत नाही. ती हवा घेणारी असल्यामुळे थोड्या पाण्याच्या झाकलेल्या टोपलीत किंवा ओल्या गोणपाटात जिवंत राहते, आणि बाजारात जिवंत मरळीला मेलेल्या मरळीपेक्षा चांगला भाव येतो. झाकण मात्र बांधून ठेवावे. ती उडी मारते.

पिलांचा थवा

पावसाळ्याच्या सुमारास पाण्यावर एकाच जागी पावसाचे थेंब पडल्यासारखे बारीक तरंग उठताना दिसतात. जवळून पाहिल्यास पिलांचा दाट थवा आढळतो. एका जातीत ती तांबूस नारिंगी असतात. त्याखाली आईबाप राखणीला असतात आणि थव्याजवळ पडलेल्या कोणत्याही वस्तूवर तुटून पडतात, मग भूक असो वा नसो. त्या वेळी मरळ पकडणे अगदी सोपे असते.

स्वतःच्या शेततळ्यात ही संधी अवश्य साधावी. आधी मोठे मासे काढावेत व लगेच पातळ कापडाच्या झोळीने पिले उचलून जवळच्या ओढ्यात सोडावीत. शेततळ्यात ठेवल्यास तीच पुढे बोटुकली खातील. नदीवर, ओढ्यावर किंवा धरणाच्या पाण्यात मात्र हेच कृत्य नुकसानीचे ठरते. राखणदार गेले की पिले इतर माशांच्या भक्ष्यस्थानी पडतात, आणि त्या पाण्यावर पोट असलेल्या मच्छीमारांची पुढच्या हंगामातील मरळ कमी होते. तेथे थवा दिसताच गळ गुंडाळावा व दुसरी जागा पाहावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिक दाखविताना हा फरक तळ्याच्या काठावरच समजावून द्यावा, कारण तळ्यात हात बसलेला तरुण पुढच्या रविवारी नदीवर जातो.

गंगापूर, दारणा यांसारख्या जलाशयांत मासेमारीचे हक्क ठेक्याने दिलेले असल्यास संबंधित सहकारी संस्थेची व मत्स्यव्यवसाय खात्याची परवानगी आधी घ्यावी. नांदूर मधमेश्वर येथील जलाशय पक्षी अभयारण्य असून 2020 पासून रामसर स्थळ म्हणून घोषित आहे. तेथे गळ टाकू नये. शेततळ्यात पाणी घेण्याच्या नळाच्या तोंडाला बारीक जाळी बांधून ती दर पंधरवड्यास साफ करावी आणि काठाला दोन हात उंचीचे जाळीचे कुंपण पावसाळ्यापूर्वी उभे करावे.