आधी तिकडचा हुकूम, मग इकडचा पाळणा

दत्तहोमाच्या दिवशी येरवड्यातल्या आमच्या घरी पन्नास पानं उठली. अमेरिकेतल्या धाकट्या दिरांनी आणि जाऊबाईंनी आपली आठ महिन्यांची लेक माझ्या ओटीत घातली. गुरुजींनी मंत्र म्हटले, मी तिची टाळू हुंगली. पाचशेच्या मुद्रांकावर दत्तकपत्र लिहिलं, नोटरीचा शिक्का घेतला, हळदकुंकू लावून तो कागद देव्हाऱ्यात ठेवला. सगळं रीतसर झालं, असंच आम्ही समजत होतो.

तिच्या व्हिसाची मुदत संपत आली तेव्हा डोळे उघडले. मुदतवाढ मागायला गेलो आणि व्हिसा कार्यालयातल्या खिडकीवरच्या बाईंसमोर तीन पासपोर्ट ठेवले. तिन्ही गडद निळे. आमच्या दोघांच्या पासपोर्टांवर सिंह, तिच्यावर गरुड.

"मुलगी कोण तुमची?"

"लेक."

"कागदावर पुतणी आहे, ताई."

वकिलांनी नीट समजावलं. आपला 2015 चा बालन्याय कायदा आणि दत्तक नियमावली यांत परदेशी नागरिक असलेलं नात्यातलं मूल इथे दत्तक घेण्याची वाट नाही. जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. नीला गोखले यांच्या खंडपीठापुढे असंच प्रकरण आलं. मूल अमेरिकेत जन्मलेलं, नात्यातलं, तान्हेपणीच इथे आणलेलं. असं मूल दत्तक घेण्याचा मूलभूत हक्क नाही, आधी अमेरिकेच्या कायद्याने दत्तक पूर्ण करा, असं न्यायालयाने सांगितलं.

मला तेव्हा फार राग आला होता. रक्ताचं नातं असताना परवानगी कसली? आज कारण पटतं. देशादेशांमधल्या दत्तकांबाबतचा 1993 चा हेग करार भारताने 2003 मध्ये स्वीकारला. दोन्ही देशांच्या यंत्रणांनी आधी एकमेकींना संमती कळवायची, मगच मुलाने सीमा ओलांडायची, असा त्याचा गाभा आहे. मुलांची विक्री आणि पळवापळवी त्यामुळेच रोखता येते. आमची लेक सुरक्षित होती, पण प्रत्येक मूल तसं नसतं.

म्हणून कळकळीने सांगते:

1. मूल आणण्याआधी दिल्लीच्या केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाला, म्हणजे 'कारा'ला, लेखी विचारा. तोंडी सल्ल्यावर तिकीट काढू नका.

2. दत्तकाची प्रक्रिया आधी मुलाच्या देशात, तिथल्या कायद्याने पूर्ण करा. तिकडच्या आदेशावर आणि जन्मदाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात ग्राह्य धरलं जाणारं सरकारी प्रमाणीकरण, करून घ्या.

3. तुमच्या घराचा पाहणी अहवाल, मुलाची माहिती आणि वैद्यकीय अहवाल कारापुढे जाऊन मान्यता मिळाली, की दत्तक मूल म्हणूनच भारतीय दूतावासातून व्हिसा घ्या.

4. नोटरीचा कागद म्हणजे दत्तक नव्हे. दत्तहोम हौसेने करा, पण तो शेवटी.

5. दत्तक झालं म्हणून नागरिकत्व आपोआप मिळत नाही. त्याचा अर्ज 1955 च्या नागरिकत्व कायद्याखाली वेगळा करावा लागतो. तोवर व्हिसाची तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवा.

आम्ही आता उलटे पाऊल टाकतोय. दिरांनी तिकडच्या न्यायालयात अर्ज केलाय, इथे व्हिसाला मुदतवाढ मिळाली आहे. लेकीच्या पहिलीच्या प्रवेशअर्जात 'पाल्याशी नाते' असा रकाना होता. शेजारी उभी राहून ती मला "आई, लिही ना" म्हणत होती आणि मी 'काकू' लिहिलं. तुमच्यावर ही वेळ येऊ नये.