मज्जारज्जूच्या रक्तवाहिन्यांचे दोष : वेळीच निदान आवश्यक

चालताना दोन्ही पाय जड होणे, थोडे अंतर जाताच थांबावे लागणे, तळपायांस मुंग्या येणे अशा तक्रारी पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांकडून पुष्कळदा ऐकू येतात. वयोमान व मणक्यांची झीज हीच त्यांची कारणे बहुधा असतात. तथापि काही थोड्या रुग्णांत मूळ दोष मज्जारज्जूच्या रक्तवाहिन्यांत असतो. हा विकार विरळा आहे. दर दहा लाख लोकांमागे वर्षाकाठी सुमारे ५ ते १० रुग्ण आढळतात. परंतु तो वेळीच ओळखल्यास पांगळेपण टळू शकते, म्हणून त्याची माहिती असणे अगत्याचे आहे.

दोषाचे स्वरूप

रोहिणीतील रक्त केशवाहिन्यांच्या जाळ्यातून जाताना त्याचा दाब ओसरतो व मग ते नीलेत उतरते. या विकारात रोहिणी व नीला थेट जोडल्या जातात. त्याचे काही प्रकार जन्मजात असून त्यांत तरुणपणीच अकस्मात रक्तस्राव होऊ शकतो. प्रौढांत मात्र मज्जारज्जूच्या बाह्य आवरणात निर्माण होणारा जोड सर्वाधिक आढळतो. पाटाचे पाणी निचऱ्याच्या चरात सोडल्यास शेत जसे पाणथळ होते, तद्वत नीलेतील दाब वाढून मज्जारज्जूस सूज येते व त्याचे कार्य मंदावते. या अवस्थेचे वर्णन फ्वा व आलाजुआनिन या फ्रेंच वैद्यांनी १९२६ मध्ये केले होते. आवरणातील जोडाचे नेमके स्थान केंडल व लोग यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले.

निदान

एम.आर.आय. तपासणीत मज्जारज्जूची सूज व त्यालगतच्या फुगलेल्या, नागमोडी रक्तवाहिन्या दिसतात. केवळ कमरेचे चित्र घेतल्यास पाठीच्या वरील भागातील दोष नजरेतून सुटण्याचा संभव असतो. जोडाचे स्थान निश्चित करण्यासाठी अँजिओग्राफी करावी लागते. तीत जांघेतील रोहिणीतून बारीक नळी सरकवून रंगद्रव्य सोडले जाते व क्ष-किरणांनी चित्रे घेतली जातात.

उपचार

शस्त्रक्रियेने सदोष नीला आवरणाच्या आत बंद करणे हा खात्रीचा उपाय होय. काही रुग्णांत नळीवाटे डिंकासारखे द्रव्य सोडूनही जोड बुजविता येतो. मात्र मज्जारज्जूस रक्त पुरविणारी रोहिणी त्याच ठिकाणाहून निघत असल्यास हा मार्ग टाळावा लागतो. निदानापूर्वी स्टिरॉइड औषधे दिल्याने काही रुग्णांचे पाय एकाएकी अधिक लुळे पडल्याची नोंद आहे.

उपचारानंतर बहुसंख्य रुग्णांची चाल सुधारते किंवा निदान अधिक बिघडत नाही. मूत्रविसर्जनावरील गेलेला ताबा मात्र पूर्णपणे परत येईलच असे नाही. यास्तव दोन्ही पायांचा अशक्तपणा महिन्यागणिक वाढत असेल आणि लघवीची तक्रारही सुरू झाली असेल, तर मालिश किंवा कमरपट्ट्यावर विसंबून न राहता मज्जासंस्थेच्या तज्ज्ञांकडे जाणे इष्ट. पाय अचानक लुळे पडल्यास त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठले पाहिजे. गावातील शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी अशा रुग्णास वेळीच योग्य वाट दाखविली, तर एखादा कर्ता पुरुष अंथरुणास खिळण्यापासून वाचू शकेल.