आपण आणि आम्ही : क्री भाषेची ओळख



नकाशात अमेरिकेच्या वर कॅनडा हा थंडीचा देश आहे. तिथले मूळ रहिवासी अनेक, त्यांपैकी एक क्री लोक. त्यांच्या भाषेलाही क्रीच म्हणतात. पूर्वेला क्वेबेकपासून पश्चिमेला अल्बर्टापर्यंत तिच्या निरनिराळ्या बोली आहेत. २०२१ च्या जनगणनेत क्री बोलणारे ८०,००० हून अधिक होते.

आता गंमत बघा. मराठीत ‘आपण जाऊ’ म्हटलं की ऐकणाराही आला. ‘आम्ही जातो’ म्हटलं की तो मागे राहिला. हाच फरक क्रीतही आहे! तिथे ‘कियानव’ म्हणजे आपण आणि ‘नियनान’ म्हणजे आम्ही. पण उच्चार सांभाळा बरं का! काना पुढचा मागे गेला आणि ‘नियानन’ झालं, की त्याचा अर्थ होतो पाच.

नुसतं ‘आजी’ असंही क्रीत म्हणत नाहीत. ‘नोहकोम’ म्हणजे माझी आजी, ‘कोहकोम’ म्हणजे तुझी आजी. कोणाची ते नात्याच्या शब्दातच येतं.

क्रीची लिपी सुमारे १८४० पासून वापरात आहे. तिच्यात एकच खूण चार दिशांना फिरवतात. टोक वर केलं की ‘पि’, खाली केलं की ‘पे’, उजवीकडे ‘पो’, डावीकडे ‘प’. झाली बाराखडी!

एवढी चांगली भाषा, मग बोलणारे कमी का झाले? एकोणिसाव्या शतकापासून तिथल्या सरकारने मुलांना घरापासून दूर निवासी शाळांत नेऊन ठेवलं. तिथे आपली भाषा बोलायची बंदी. बोललं की शिक्षा. ती मुलं मोठी झाली, तेव्हा त्यांतल्या कित्येकांनी स्वतःच्या मुलांना क्री शिकवलीच नाही. २००८ साली पंतप्रधानांनी संसदेत याबद्दल माफी मागितली.

आता क्री लोक भाषा पुन्हा शिकत आहेत. शाळेत क्रीचे तास असतात, पण खरी शाळा घरातच. नातवंडं आजीजवळ बसून शब्द विचारतात. रोज लागणारे शब्द आधी शिकायचे, आणि चुकलं तरी बोलायचं.

मैदानी क्री बोलीतले काही शब्द पाठ करा :

तानिसी – कसा आहेस?
अस्तम – इकडे ये
अपि – बस
मीचिसो – जेव
निपी – पाणी
पेयक, नीसो, निस्तो, नेवो, नियानन – एक ते पाच

करून पाहा : आपल्यापैकी कोणी घरी अहिराणी बोलतं, कोणी कोरकू, कोणी गोंडी. आज आजीला विचारून घरच्या बोलीतले पाच शब्द लिहून आणा. उद्या ते फळ्यावर लिहू आणि दिवसभर वापरू. लाजायचं नाही. बोलली तरच भाषा टिकते.