'संगत' आणि 'सदृश'

आमच्या पाहण्यांत पुष्कळदां असें येतें कीं, विद्यार्थी 'संगत' आणि 'सदृश' हे दोन शब्द एकाच अर्थानें योजितात. दोन्ही शब्द संस्कृत आहेत, आणि त्यांची फोड केली म्हणजे भेद कळून येतो. 'सदृश' यांत 'दृश्' म्हणजे पाहणें हा धातु आहे. जें समान दिसतें तें सदृश. 'संगत' यांत 'गम्' म्हणजे जाणें हा धातु. जें जाऊन मिळालें, तें संगत. सोबत या अर्थाचा घरगुती 'संगत' शब्दही याच कुळांतला.

दाराची कडी आणि कोयंडा घ्या. एकाचें रूप दुसऱ्यास नाहीं, तरी एकावांचून दुसरें व्यर्थ. येथें संगति आहे, सादृश्य नाहीं. उलट, सदऱ्याचीं दोन बटणें हुबेहूब सदृश असतात. परंतु बटणाला हवें असतें तें काज, दुसरें बटण नव्हे.

भूमितींत या भेदाकडे दुर्लक्ष झालें तर उदाहरणच चुकतें. एका त्रिकोणाच्या भुजा ८, १२ व १८, आणि दुसऱ्याच्या १२, १८ व २७ अशा घ्या. प्रमाण सर्वत्र २:३ आहे, म्हणून त्रिकोण समरूप. आतां पहिल्यांतील १२ ची संगत भुजा कोणती? घाईचा विद्यार्थी दुसऱ्यांतील १२ वर बोट ठेवितो, कारण लांबी तीच. परंतु पहिल्यांत १२ ही मधली भुजा, दुसऱ्यांत ती सर्वांत लहान. म्हणून संगत भुजा १८. गंमत ही कीं, येथें तीन कोन समान आणि दोन भुजांच्या लांब्याही समान, अशीं पांच अंगें सारखीं असूनही त्रिकोण एकरूप नाहींत! आमच्या बालवाचकांनीं कागद कापून हें अवश्य पाहावें.

न्यायालयांत तर दोन साक्षी शब्दशः सदृश असल्या कीं वकिलास संशय येतो. त्या सुसंगत असाव्या एवढीच त्याची अपेक्षा.

निबंधाचीही गोष्ट अशीच आहे. अतिवृष्टीनें शेतकऱ्याचें काय नुकसान होतें, असा प्रश्न असतो. मुलगा पाठ केलेली पावसाळ्याची शोभा सुंदर अक्षरांत लिहून येतो. "पुस्तकांतल्यासारखेंच लिहिलें आहे, मग गुण कां कापले?" असें पालक आम्हांस विचारतात. उत्तर पुस्तकाशीं सदृश आहे, हें आम्हांस मान्यच आहे; पण प्रश्न पुस्तकानें विचारला नव्हता, परीक्षकानें विचारला होता.